जुनी ओळख

आमच्या विरारच्या घरातला संगणक परवा रुसला. पासवर्ड घेई आणि तिथेच अडून बसे. दादांनी अखेरच्या आजारपणात सांगितलेल्या वसईच्या आठवणी मी त्यातच उतरवून ठेवल्या होत्या. दुसरी प्रत नव्हती. आणि विद्यार्थ्यांना टिपणे जपायला सांगणारा मी!

मुलगा म्हणाला, "बाबा, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करू आणि फाइल काढून घेऊ. यंत्र सुरू होताना एफ-१२ दाबा." दाबले. दहा वेळा दाबले. बूट मेनू काही दर्शन देईना! पासवर्डाच्या वेळी मात्र तोच यूएसबी कीबोर्ड मुकाट चाले.

मुलाने उलगडा केला. विंडोज जागी होण्यापूर्वी यंत्राचा कारभार बायोस पाहतो. सोसायटीचा पहाटेचा वॉचमनच म्हणा ना. यूएसबी कीबोर्डला आत घेण्याची परवानगी त्याच्या सेटिंगमध्ये असते, आणि मागे कधीतरी उगाच चाळा म्हणून मीच ती बंद केली होती.

ती पुन्हा चालू करायलाही कीबोर्डच हवा! अखेर माळ्यावरचा गोल पिनेचा जुना कीबोर्ड काढला. ही पीएस/२ जोडणी आयबीएमने १९८७ साली आणलेली; १९९६ च्या यूएसबीहून नऊ वर्षांनी थोरली. सुदैवाने यंत्रामागे ते गोल भोक अजून होते. यंत्र बंद करून कीबोर्ड जोडला, आणि वॉचमनने जुन्या बिऱ्हाडकरूला ओळखले! परवानगी दिली, मेनू आला, फाइल निघाली.

त्या रात्री हिला दादांच्या आठवणी वाचून दाखवल्या. आता त्यांच्या तीन प्रती आहेत. जुना कीबोर्डही पुन्हा माळ्यावर गेलेला नाही.