भाड्याची मोटारसायकल

मराठीत ‘अनामत’ असा एक शब्द आहे. वस्तू भाड्याने घेताना दुकानदाराकडे जी रक्कम ठेवतात, तिला अनामत म्हणतात. हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटेल. तुमच्या ‘अमानत’चेच ते मराठी रूप आहे. दुसऱ्याने विश्वासाने आपल्याकडे सोपवलेली वस्तू म्हणजे अमानत. भाड्याने घेतलेली मोटारसायकलही मला तशीच अमानत वाटते.

माझे गाव राजुरा. आज चंद्रपूर जिल्ह्यात असलेले हे गाव 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. तेव्हा वर्धा नदी ओलांडून बल्लारपूरला जाणे म्हणजे इंग्रजांच्या मुलखात जाणे. इकडे सरकारी कारभार उर्दूत चाले, तिकडे तसा नव्हता. नाणेही वेगळे. संस्थानच्या रुपयाला ‘हाली सिक्का’ म्हणत. परक्या मुलखात गेले की तिथले नियम समजून घ्यावेत, ही शिकवण आमच्या वडीलधाऱ्यांना नदीनेच दिली.

गोव्यात एका मित्राबरोबर फिरताना ही शिकवण माझ्या कामी आली. तिथे पर्यटकांना मोटारसायकल भाड्याने मिळते. एका दुकानात आम्हांला फार स्वस्तात गाडी मिळत होती. मित्र खूश झाला. पण माझे लक्ष गाडीच्या नंबराच्या पाटीकडे गेले. पाटी पांढरी आणि अक्षरे काळी होती. म्हणजे गाडी खाजगी होती. पेट्रोलवर चालणाऱ्या आणि भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी असते, अक्षरे पिवळी असतात. खाजगी गाडी भाड्याने घेतली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते. आम्ही थोडे जास्त पैसे देऊन दुसऱ्या दुकानातून काळ्या पाटीची गाडी घेतली.

तिथेही मी घाई केली नाही. दोन्ही ब्रेक दाबून पाहिले. मागचा सैल होता. तो मेकॅनिककडून घट्ट करून घेतला. दिवे, हॉर्न, टायर तपासले. टाकीवरचे जुने ओरखडे दुकानदाराला दाखवून पावतीवर लिहून घेतले. दोघांसाठी हेल्मेट मागून घेतले. मित्र म्हणाला, ‘‘अरे, दोन दिवसांसाठी एवढी चौकशी कशाला?’’ मी म्हणालो, ‘‘अपघाताला दोन मिनिटे पुरतात.’’

पुढे तुमच्यापैकी कोणी परदेशात जाईल. तिथे आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही लागू शकतो. भारतात तो परिवहन कार्यालयातून 1949 च्या जिनिव्हा करारानुसार मिळतो आणि त्याची मुदत एक वर्षाची असते. पण प्रत्येक देश तो मानतोच असे नाही. म्हणून आधी चौकशी करावी. थायलंडमध्ये आपल्यासारखीच वाहने रस्त्याच्या डावीकडून चालतात, व्हिएतनाममध्ये उजवीकडून. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. अनामत म्हणून पासपोर्ट कधीही दुकानात ठेवू नका. पैसे ठेवा आणि पावती घ्या.

मित्रांनो, तुम्हांला गाडीचा मोह होतो, हे मला ठाऊक आहे. पण आपल्या देशात गिअरची मोटारसायकल चालवण्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण व्हावी लागतात. 2019 साली मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर त्याच्या पालकांना किंवा गाडीच्या मालकाला 25,000 रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुमच्या हौसेची शिक्षा अब्बा-अम्मींनी का भोगावी?

तेव्हा थोडा धीर धरा. परवाना मिळाला की खुशाल जग पाहा. गाडी जशी घेतली तशीच परत करा, म्हणजे अनामत परत मिळेल. आणि आपला जीव हीसुद्धा एक अमानतच आहे, हे विसरू नका. घरी कोणीतरी तिची वाट पाहत असते.