१२७ चा हट्ट

नोकरीभर मी पोरांना एकच वाक्य ऐकवत आलो: इंची लेथवर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ दात्यांचा गिअर पाहिजे, त्याला पर्याय नाही. मी आयटीआयमध्ये टर्नर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो. तोंडी परीक्षेला हा प्रश्न हमखास असायचा, आणि ‘सर, दुसऱ्या गिअरवर भागवता येईल’ असं कुणी म्हणालं की त्याचे मार्क गेलेच म्हणून समजा. भागवणे या शब्दावरच माझा राग. आज धाराशिवात घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा स्वतःचा लेथ आहे आणि त्यावर मी भागवलेल्या गिअरने आटे पाडतो. हे मला जड गेलं. का गेलं ते सांगतो.

१२७ च का? एक इंच म्हणजे २५.४ मिमी. त्याला पाचाने गुणलं की १२७ येतात, वर काही उरत नाही. माझ्या लेथच्या लीड स्क्रूला इंचात चार आटे आहेत. त्यावर २.५ मिमी पिचचा आटा हवा असेल तर स्पिंडलकडे ५० दाते, लीड स्क्रूकडे १२७, मध्ये एक आयडलर. हिशेब बिनचूक जुळतो. आणि १२७ ही मूळ संख्या, म्हणजे दोन लहान गिअर जोडून तिचं काम करून घेता येत नाही. पाहिजे तर तीच पाहिजे.

आपल्याकडे वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. पण कायदा बदलला म्हणून लेथ बदलत नाही. बिडाचा बेड दोन पिढ्या सहज काढतो, आणि त्याच्यासोबत इंची लीड स्क्रूही राहतो. आमच्या मुलखाला दोन मापांत जगायची सवय जुनी आहे. निजामाच्या राज्यात हाली रुपया आणि इंग्रजांचा कलदार असे दोन रुपये चालत, सात हालीला सहा कलदार. नळदुर्गावरून सोलापूरच्या बाजारात गेलेल्या माणसाच्या डोक्यात हा सातास सहाचा गिअर सतत फिरत असणार. लेथवर १२७ तेच काम करतो.

मी घेतलेला लेथ भंगारात निघालेला. चेंज गिअर बाकी सगळे मिळाले, २० पासून ८० पर्यंत पाच-पाचच्या अंतराने. नव्हता तो नेमका १२७. जुन्या लेथचा हाच गिअर का हरवलेला असतो देव जाणे. मी ठरवलं, आपणच कापायचा. पोरांना आयुष्यभर गिअरची सूत्रं लिहून दिली होती, पण एक अख्खा गिअर ब्लँकपासून स्वतः कापला होता असं काही म्हणता येणार नाही. वर्गात डिव्हायडिंग हेड दाखवायचं, दोन-चार दाते पाडून दाखवायचे, तास संपला.

आणि इथे मूळ संख्येने पुन्हा अडवलं. डिव्हायडिंग हेडचं प्रमाण ४० ला १. हँडलचे ४० फेरे झाले की कामाचा एक फेरा. १२७ भाग करायचे तर दर दात्याला ४०/१२७ फेरा, म्हणजे १२७ भोकांची प्लेट हवी, आणि ती कुठल्याच नेहमीच्या संचात नसते. त्यावर एक जुनी युक्ती आहे. १२७० मिमी लांब कागदी पट्टी घ्यायची, तिच्यावर दर १० मिमीला खूण करायची आणि ४०४ मिमीहून किंचित मोठ्या प्लायवुडच्या चकतीभोवती ती टोकाला टोक जुळवून चिकटवायची. झाले १२७ भाग. या चकतीवरून ओबडधोबड का होईना, भोकांची प्लेट करायची आणि ती डिव्हायडिंग हेडच्या हँडलपाशी बसवायची. खुणेत अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे झाला असेल तर कामापर्यंत येताना ती चूक चाळीस पटीने आक्रसते. ही युक्ती मला अजूनही फार आवडते. चुकीच्या प्लेटमधून बरोबर प्लेट जन्माला येते.

प्लेट झाली. ब्लँकचं माप काढलं. माझे गिअर १६ डीपीचे, म्हणजे बाहेरचा व्यास दात्यांत दोन मिळवून १२९, भागिले १६, आठ इंचांच्या थोडा वर, २०४.८ मिमी. ब्लँक क्वाड्रंटवर धरून पाहिलं तर कव्हर बंद होईना.

त्याच वेळी माझा एक जुना विद्यार्थी आला होता. तेरच्या रस्त्याला त्याचं ट्रॉली आणि कडबाकुट्टीच्या दुरुस्तीचं वर्कशॉप आहे. खाली बसून त्याने कव्हर पाहिलं, ब्लँक पाहिलं आणि म्हणाला, “सर, कशापायी एवढा कुटाणा? मी ६३ लावतो की. ट्रॉलीच्या बोल्टाला काय कळतंय?” तोंडीत मी ज्याचे मार्क कापले असते तो हाच. मी त्याला चहा पाजला आणि वाद घातला.

वादाने माझं मत बदललं नाही. ते कटरच्या डबीने बदललं. इन्व्होल्यूट कटरचा संच आठांचा असतो. ५५ ते १३४ दात्यांना २ नंबरचा कटर. डबीवर हे छापलेलंच असतं, मी शेकडो वेळा फळ्यावर लिहिलंय. पण दात्याची वक्र रेषा दात्यांच्या संख्येप्रमाणे बदलते, आणि हा कटर घासलेला असतो ५५ दात्यांच्या आकाराला. पुढच्या सगळ्या संख्यांना तो जवळपासचा आकार देतो. म्हणजे ज्या १२७ च्या अचूकपणासाठी मी कागदाच्या पट्ट्या चिकटवत होतो, त्याचा प्रत्येक दाता मी ‘भागवूनच’ कापणार होतो. आणि ६३ लाही कटर तोच, २ नंबरचा.

आता प्रामाणिकपणे हेही सांगितलं पाहिजे की या दोन चुका एका जातीच्या नाहीत. दात्याच्या आकारातली चूक दर दात्याला येते आणि जाते, साठत नाही. प्रमाणातली चूक साठत जाते. म्हणून मग पहिल्यांदाच, ६३ ला नावं ठेवण्याऐवजी, मी त्याचा हिशेब केला. ६३ लावला की इंच धरला जातो १६०० भागिले ६३, म्हणजे २५.३९६८ मिमी. पाहिजे २५.४. फरक आठ हजारात एक. मीटरभर लांबीला साधारण ०.१२५ मिमी. पण बोल्टवर चढणारा नट मीटरभर लांब नसतो. वीस मिमी बोल्टचा नट वीस मिमीच्या आतबाहेर. तेवढ्यात चूक होते ०.००२५ मिमी. ६जी बसणीच्या बोल्टला व्यासात ०.०४२ मिमी मोकळीक मुद्दाम ठेवलेलीच असते; पिचमधली ही चूक व्यासाच्या भाषेत मांडली तरी त्या मोकळिकीच्या दहाव्या हिश्श्याएवढी भरते. शिवाय माझा लीड स्क्रू हेडस्टॉकपाशी किती झिजलाय ते मी जाणून आहे. बिनचूक गिअर लावून मी त्या झिजलेल्या स्क्रूलाच बिनचूक फिरवणार होतो.

मग ६३ कापला. त्याचीही गंमत अशी की नेहमीच्या प्लेटवर ६३ भोकं नसतात. पण एकाच प्लेटवर २१ चं आणि २७ चं वर्तुळ असतं. हँडल २१ वर ४ भोकं पुढे न्यायचं. मग मागची पिन सोडून प्लेटसकट २७ वर १२ भोकं, त्याच दिशेने. ४/२१ आणि १२/२७ मिळून बरोबर ४०/६३. म्हणजे जवळपासचं उत्तर देणारा गिअर कापायला भाग मात्र नेमके पाडावे लागतात! आधी कटर न लावता नुसत्या खुणांनी पूर्ण फेरी केली आणि शेवटची खूण पहिलीवर येऊन बसली तेव्हाच ब्लँकला हात लावला. खोली ३.४२ मिमी. बीड कोरडंच कापायचं, त्यामुळे काळी भुकटी उडते, घामावर बसते. नाकाला रुमाल बांधूनही संध्याकाळी शिंकरलं की काळंच. कटर घेताना प्रेशर अँगल साडेचौदा अंशांचा बघून घेतला. हल्ली दुकानात पुढे करतात तो बहुधा वीसचा, आणि तो जुन्या गिअरशी जमत नाही.

ब्लँक १०३ मिमीचं, कव्हर आरामात बंद होतं. २० वरून ४० आणि ६३ वरून ८० अशी गाडी लावली की २.५ मिमीचा आटा. बाजारातला नट बोटाने शेवटपर्यंत गेला.

माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला हे पटलेलं नाही. त्याचं म्हणणं, तू आता म्हातारपणी आळशी झालास. पोरांना आधीच ६३ दाखवला तर १२७ कशाला लागतो हे ती कधी शिकणारच नाहीत. त्याच्या बोलण्यात तथ्य आहे. मीटरभराचा लीड स्क्रू कापायचा असेल तर मीही १२७ च लावीन, कव्हर काढून ठेवीन. पण तोंडी परीक्षा घ्यायला आज बसलो तर माझा प्रश्न वेगळा असेल. गिअर कुठला लागतो हे विचारणार नाही. आटा किती लांब आहे, त्यावर काय चढणार आहे आणि किती चूक चालेल, हे आधी विचारीन. आणि तेरच्या रस्त्यावरच्या त्या पोरालाही सोडणार नाही. ६३ लावतोस हे ठीक, पण मीटरला किती चुकतं ते सांग म्हटल्यावर तो हसला होता. हिशेब त्यालाही येत नव्हता.