चाकांवरचें बिऱ्हाड

प्रवास म्हणजे घर मागें ठेवून जाणें, ही आपली पिढीजात समजूत. अमेरिकेंत मात्र घर बरोबर घेऊन हिंडण्याची रीत शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१० सालीं पियर्स-ॲरो कंपनीनें निजण्याची व हाततोंड धुण्याची सोय असलेली मोटार न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत मांडली होती. आज 'आर. व्ही.' या अक्षरांनीं ओळखलीं जाणारीं फिरतीं घरें तेथील रस्त्यांवर पदोपदीं दिसतात. गेल्या नाताळच्या सुट्टींत चिरंजिवांच्या अशाच गाडींतून डेन्व्हरपासून ॲरिझोनांतील क्वार्ट्झसाइटपर्यंत सुमारें १,२०० मैलांचा प्रवास घडला. चिरंजीव, सूनबाई, दोन नातवंडें व आम्ही उभयतां अशीं सहा माणसें, आणि गाडीची लांबी २८ फूट!

या २८ फुटांत मागें निजण्याची खोली, मध्यें शेगडी व मोरी, आणि चालकाच्या डोक्यावरील माळ्यांत मुलांचीं अंथरुणें. जेवणाचें मेज खालीं उतरविलें कीं त्याचाच पलंग होतो. शहरांत नळाचें पाणी कोठून येतें व कोठें जातें याचा विचार गृहस्थ करीत नाहीं. येथें तो क्षणोक्षणीं करावा लागतो. गाडीच्या पोटांत तीन टाक्या असतात: एक स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची, तिसरी शौचकूपाची. हिवाळ्यांत धास्ती असते ती पाण्याचीच. गोठतांना पाण्याचें आकारमान शेंकडा ९ नें वाढतें आणि नळ्या फुटतात. म्हणून डेन्व्हर सोडतांना मोठी टाकी रिकामी ठेवून नळ्यांत न गोठणारें गुलाबी द्रव्य भरलें होतें. पिण्याचें पाणी तेवढें डब्यांतून आंत घेतलें. उबेसाठीं प्रोपेन वायूची भट्टी होती. प्रोपेन उणें ४२ अंश सेल्सिअसपर्यंत वायुरूप राहतो. आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरांत त्याच्यासह असणारा ब्युटेन मात्र शून्य अंशाच्या सुमारासच द्रवरूपांत अडून राहतो.

डेन्व्हर ५,२८० फूट उंचीवर आहे. तेथून दक्षिणेकडे जाणारा महामार्ग ७,८३४ फूट उंचीची रॅटन खिंड ओलांडून न्यू मेक्सिकोंत उतरतो. उंच गाडीला बाजूनें येणारा वारा ढकलूं लागला, तेव्हां चिरंजिवांनीं वेग कमी केला आणि मुलांचा गलबला आपोआप थांबला. अल्बुकर्कीच्या पुढें रस्ता रिओ ग्रांदे नदीची सोबत धरतो. सोकोरो गावाच्या दक्षिणेस, १९३९ सालीं स्थापन झालेलें बोस्के देल अपाचे नांवाचें पक्ष्यांचें अभयारण्य आहे. उत्तरेकडील हजारों क्रौंच तेथें हिवाळा काढतात. श्वापदांच्या भयानें ते रात्रीं उथळ पाण्यांत उभे राहतात, आणि उजाडतांच थव्याथव्यांनीं शेतांकडे झेपावतात. त्यांचीं पिलें पहिला हिवाळा आईबापांच्या सोबतीनेंच काढतात. नात विचारती झाली, "आजोबा, ह्यांचं खरं घर कुठलं? इथलं कीं तिकडचं?" व्याकरणाची कोडीं आयुष्यभर सोडविलीं, या प्रश्नाला मात्र उत्तर सुचलें नाहीं.

लास क्रूसेसहून पश्चिमेस वळून टूसॉनच्या उबेंत आल्यावर प्रथमच मोठी टाकी भरली. मुलांनीं तो सणच मानला. तेथून आणखी खालीं, ९०० फुटांच्या आंतील उंचीवर, क्वार्ट्झसाइट हें वाळवंटांतील गांव आहे. २०२० च्या जनगणनेप्रमाणें त्याची वस्ती अवघी २,४१३. परंतु हिवाळ्यांत भोंवतालचें माळरान फिरत्या घरांनीं भरून जातें. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या काळांत परवाना घेऊन तेथील सरकारी जमिनीवर मुक्काम करतां येतो. येणारांत बहुतेक बर्फाळ प्रांतांतील वृद्ध. त्यांस 'स्नोबर्ड', म्हणजे हिमपक्षी, म्हणतात. गांवच्या स्मशानांत हाजी अली या उंटवाल्याची समाधि आहे. १८५६ सालीं अमेरिकन सैन्याच्या उंटांबरोबर तो त्या देशांत आला व १९०२ सालीं येथें वारला. त्याच्या दगडी पिरॅमिडच्या शिखरावर धातूचा उंट उभा आहे. फिरस्त्यांच्या गांवाला याहून योग्य दैवत मिळतें ना!

आमच्या शेजारीं ऐंशीच्या घरांतील एक दांपत्य उतरलें होतें. राहतें घर विकून दहा वर्षें झालेलीं. तीन मुलें तीन प्रांतांत. "आम्ही कोणाच्या घरीं राहत नाहीं, दारांत राहतों," आजोबा हंसून म्हणाले. सौभाग्यवतींनीं सूनबाईंच्या मध्यस्थीनें विचारलें, "आजारी पडलांत तर?" वृद्धेनें खिडकीच्या पडद्याकडे बोट दाखविलें. सकाळीं आठपर्यंत पडदा वर गेला नाहीं तर पलीकडचा शेजारी दार ठोठावतो. त्याच्या पडद्यावर हिची नजर असते.

आपल्या शास्त्रकारांनीं वानप्रस्थास घर सोडावयास सांगितलें. या लोकांनीं घर चाकांवर चढवून त्याची ओढ तेवढी कमी केली. कोणावर भार न होण्याची त्यांची जिद्द मला आदरणीय वाटली. परंतु त्यांच्या फळीवर दोनच पेले होते. आमच्या गाडींत सहा पेले एकमेकांवर आदळत असत, आणि मुलाच्या प्रशस्त घरांत महिनाभरांत झालें नव्हतें इतकें बोलणें त्या दाटींत आठ दिवसांत झालें.

चिरंजिवांनीं तेथेंच राहण्याचा आग्रह केला. आम्ही पुण्यास परतलों. पाळेंमुळें येथें आहेत. येथेंही आम्ही दोघेंच. मात्र आल्याच्या दुसऱ्या दिवशीं सौभाग्यवती समोरच्या बिऱ्हाडांत जाऊन सांगून आल्या कीं, आमच्या दारावरची दुधाची पिशवी आठपर्यंत आंत गेली नाहीं, तर घंटा वाजवा. तुमच्या पिशवीकडे आम्ही लक्ष ठेवूं.