नाव : ठरायचंय

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मराठीचा तास शेवटचा, आणि त्या तासाला निम्मा वर्ग बॅग भरत असायचा. आजही भाजीवाल्याने 'एकोणसत्तर' म्हटलं की मी शंभराची नोट देऊन मोकळी होते, उरलेला हिशोब त्याचा! तेव्हा या लेखातलं शुद्धलेखन बरं असेल तर श्रेय संपादक मंडळाचं. चुका माझ्या.

तर विषय आहे कुत्र्याचा.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, तळमजल्यावर. जुनी बिल्डिंग आणि मागे आजीच्या तुळशीपुरतं अंगण. माझा मामा राहतो ठाण्याला, घोडबंदर रोडवर बाविसाव्या मजल्यावर. त्याने हौसेने ग्रेट डेनचं पिल्लू घेतलं आणि दोन महिन्यांत कंपनीने त्याला परदेशी धाडलं. मग एका रविवारी ते पिल्लू टेम्पोत बसून डोंबिवलीला आलं. "थोडे दिवस सांभाळा," मामा म्हणाला. मामाचे थोडे दिवस म्हणजे तीन वर्षं.

पिल्लू हा शब्द तुम्ही मनावर घेऊ नका. चार महिन्यांचं ते पिल्लू आमच्या डायनिंग टेबलावरची पोळी उभ्या-उभ्या उचलायचं. पूर्ण वाढलेला नर खांद्यापाशी अडीच फूट सहज भरतो आणि वजन पन्नास किलोच्या पुढे जातं. म्हणजे आमच्या मेसचं जेवण जेवणाऱ्या एका मुलीपेक्षा जास्तच. आणि एवढ्या देहाला नाव नव्हतं! मामाकडे त्याला सगळे 'बेबी' म्हणायचे. लसीकरणाच्या कार्डावर डॉक्टरांनी लिहून ठेवलं होतं, 'जात : ग्रेट डेन. रंग : फॉन. नाव : ठरायचंय.'

नाव गाण्यातलंच हवं, यावर मात्र घरात एकमत होतं. कारण आजोबा. आजोबा रेल्वेत क्लार्क होते. तीस वर्षं डोंबिवली ते व्हीटी लोकल, आणि डब्यातल्या भजनी मंडळींचा ठेका आजोबांचा. घरी त्यांचा स्वतःचा तबला-डग्गा. कल्याण गायन समाज ही १९२६ सालची संस्था, तिथल्या मैफिलींना जाऊन ते पुढच्या रांगेत बसायचे आणि गवयाकडे कमी, तबलजीकडे जास्त बघायचे.

गेल्या दिवाळीनंतर आजोबांना पॅरालिसिसचा झटका आला. वाचा वाचली, उजवी बाजू वाचली, डावा हात गेला. तेव्हापासून तबला आणि डग्गा दोन्ही गवसणीत बांधून माळ्यावर. आणि आजोबा खिडकीपाशी खुर्चीत. पूर्वी प्रत्येक गोष्टीवर मत असणारा माणूस "तुम्ही ठरवाल तसं" म्हणायला लागला. एकदा रात्री आजीला सांगत होते, "मी तुम्हा सगळ्यांवर ओझं झालोय गं." मी पाणी प्यायला उठले होते, तशीच परत येऊन झोपले. झोपले म्हणजे, पडून राहिले.

तर नाव. मी हॉस्टेलला परतल्यावर विंगमध्ये मीटिंग भरली. दुसऱ्या दिवशी सबमिशन होतं, त्यामुळे उपस्थिती शंभर टक्के. माझी रूममेट मेटलवाली. २०२५ च्या जुलैत ब्लॅक सबाथचा ओझी ऑसबोर्न गेला, तेव्हा ती दोन दिवस मेसला आली नव्हती. ती म्हणाली, "ओझी. विषय संपला." समोरच्या खोलीतून 'रहमान' आलं, कुणीतरी 'बप्पीदा' सुचवलं (गळ्यात पट्टा आहेच म्हणून!). इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलींनी ठराव मांडला : 'वूफर'. मोठा आकार, खालची फ्रिक्वेन्सी आणि भुंकताना स्वतःचं नाव स्वतःच सांगणार. मतदान झालं. वूफर चौदा, ओझी नऊ, बप्पीदा दोन.

शनिवारी मी दोन्ही नावं घेऊन घरी गेले. चहा चालला होता. रूममेटला शब्द दिला होता म्हणून आधी तिचं नाव काढलं. "आजी, ओझी कसं वाटतं?"

"ओझी? कसली ओझी?" आजी म्हणाली. "कुणाची?"

आणि मग सगळेच गप्प झाले. आजोबा बशीतला चहा बघत होते. मला माझ्या कॉन्व्हेंटची एवढी लाज कधीच वाटली नव्हती. ओझं, ओझी. एकवचन, अनेकवचन. हे मला डोंबिवली स्टेशनवर उतरताना सुचायला हवं होतं.

विषय बदलायचा म्हणून आजीच बोलली, "भैरव ठेवा. रागही झाला आणि कालभैरवाचं वाहन कुत्राच असतं."

"अहो आई, देवाच्या नावाने हाक मारून 'चप्पल सोड' कसं म्हणायचं?" आई म्हणाली.

यावर आजोबा बोलले. कितीतरी दिवसांनी न विचारता बोलले. "भैरव सकाळचा राग. हा दुपारी बारापर्यंत झोपतो."

आम्ही हसलो, आणि त्या हसण्याने त्यांना जरा जोर आला. मग त्यांनी गोष्ट सांगितली. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेला राहायचे, १९३७ मध्ये ते गेले. त्यांचा एक कुत्रा होता, टिपू मियाँ. खाँसाहेबांनी त्याला सुरात सूर मिळवायला शिकवलं होतं, असं गाण्यातली मंडळी सांगतात. "आता बघ," आजोबा म्हणाले, "खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व. सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन. म्हणजे टिपू हा सवाई गंधर्वांचा गुरुबंधू आणि भीमसेनांचा गुरुकाका लागला!"

"मग टिपूच ठेवू!" मी म्हणाले.

"गल्लीत तीन टिपू आहेत," आई म्हणाली. तेही खरंच होतं.

मी ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या कुत्र्याचं नाव काढलं. त्याचं नाव निपर. तो १८९५ मध्ये मेला आणि त्याच्या मालकाच्या भावाने, फ्रान्सिस बरॉडने, त्याचं ते प्रसिद्ध चित्र नंतर काढलं. आजोबांनी मान हलवली. "तो एवढासा कुत्रा रे. तबकडीवर मावला. हा माझ्या रेकॉर्डच्या कपाटात मावणार नाही."

तेवढ्यात दारात कुरिअरवाला आला, आणि आमचं बेबी आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या कुत्र्यासारखं भुंकलं. आधी कुंईकुंई करायचं. आता एकदम पोटातून आवाज आला आणि तो थांबल्यावरही खोलीत राहिला. स्टीलचं भांडं मांडणीवर थरथरलं.

आजोबांनी मान वर केली. "घुमारा आहे," ते म्हणाले.

घुमारा म्हणजे काय, हे मला आईने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं. डग्ग्याचा तो घुमणारा, खाली जाणारा आवाज. मी म्हटलं, "मग डग्गाच ठेवू या ना!" आईने झटकन दार लोटून घेतलं. "अगं, डग्गा कुठल्या हाताने वाजवतात माहितीये ना तुला?"

नव्हतं माहीत. डाव्या.

त्या रात्री मी बसून वाचलं. वीस वर्षं ज्या घरात तबला होता, त्या घरातली मी, वाचून काढलं! साध्या ताणलेल्या चामड्याचे ओव्हरटोन्स एकमेकांशी जुळत नाहीत. शाईचा तो काळा थर चामड्याचं वस्तुमान असं वाढवतो की ते जुळतात. सर सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये यावर 'नेचर'मध्ये लिहिलंय. तबल्याची शाई मध्यभागी असते, डग्ग्याची एका बाजूला. आणि जे वाचून मी फोन खाली ठेवला ते हे : 'धा' हा बोल दोन हातांचा आहे. उजव्या हाताचा 'ना' आणि डाव्या हाताचा 'गे' एकत्र पडले की 'धा' होतो. डावा हात काढून घेतला तर उरतो नुसता 'ना'. तीनतालाची समच 'धा'वर असते. आजोबांनी तबला माळ्यावर का टाकला, ते मला त्या रात्री कळलं. आम्ही सगळे म्हणत होतो, "उजवा हात चांगला आहे ना, वाजवा की थोडं." काय वाजवणार होते ते?

सकाळी मी ठरवून टाकलं की वूफरच. कुणाला लागणार नाही, बोचणार नाही. आजीने म्हणून बघितलं, "उपर, उपर." कुत्र्याने खरंच वर बघितलं. मी कार्ड घेऊन आजोबांसमोर बसले. नाव मराठीत लिहावं म्हणून पेन काढलं, आणि माझ्या हातून काय लिहिलं गेलं कोण जाणे. रात्रभर तेच डोक्यात होतं. मी लिहिलं : 'दगा'.

आजोबांनी चष्मा लावून वाचलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एक तर नको ते नाव, तेही चुकीचं.

"ड ला ग, खाली अजून एक ग," ते म्हणाले. "डग्गा. तू लिहिलंस तो दगा. तो माझ्या हाताने दिला." आणि ते हसले. खोटं नाही सांगत, माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते हसत होते. "चालेल की. एका हाताने दगा दिला, नातीने डग्गा आणला."

"आजोबा, तुम्हाला वाईट..."

"वाईट वाटतं ते तुम्ही सगळे माझ्यासमोर तो शब्द टाळता त्याचं. सहा महिने या घरात डग्ग्याचं नाव कुणी घेतलं नाही. आता दिवसातून पन्नास वेळा घ्यावं लागेल." मग त्यांनी कुत्र्याला हाक मारली. तो उठून त्यांच्या उजव्या बाजूला गेला, कारण बिस्किटं उजव्या हातात असतात. "अरे, इकडे नाही. डग्गा डाव्या बाजूला असतो."

आता तिकडेच बसतो तो. फिजिओथेरपीवाल्या ताईंनी डाव्या तळव्याला व्यायाम सांगितलाय, तो आजोबा त्याच्या पाठीवर करतात. हात बरा झालेला नाही, बोटं अजून मिटलेलीच आहेत. पण माळ्यावरची गवसणी खाली आलीय. संध्याकाळी ते उजव्या हाताने तबल्यावर ठेका धरतात आणि जिथे डावा हवा तिथे तोंडाने 'गे' म्हणतात. आजी म्हणते, चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला बोल कळायला लागले.

डग्गा समेवर भुंकत नाही. एकदाही नाही. आजोबांच्या मते तालीम कमी पडतेय, टिपू मियाँचं काही एका दिवसात झालं नसणार.

कार्डावर आता पहिल्या शब्दावर काट मारलीय आणि शेजारी आजोबांच्या अक्षरात नाव आहे. विंगमधल्या चौदा वूफरवाल्यांची माफी मागते. सबमिशन संपलं की डोंबिवलीला या. येताना मारी बिस्किटं आणा. आणि कृपा करून पांढरी जीन्स घालून येऊ नका.