रिद्धपुरातला न्यूट

अमरावतीहून मोर्शीच्या अंगाला निघाले, की संत्र्यांच्या मुलखात रिद्धपूर लागते. महानुभावांची ही काशी. श्रीगोविंदप्रभूंचे वास्तव्य इथले आणि म्हाइंभटांनी 1278 च्या सुमारास ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले तेही इथेच. 2024 पासून मराठी भाषा विद्यापीठही इथे नांदते आहे. अशा गावी न्यूटचा विषय निघेल असे कुणाला वाटेल? पण माझ्या स्नेह्यांच्या घरी चहाबरोबर तो निघाला.

घरातली मुलगी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. झालेली. न्यूटची पैदास अभ्यासायला तिला दार्जिलिंगला जायचे आहे. हा प्राणी दिसायला सरड्यासारखा, पण गणगोत बेडकाचे. दार्जिलिंगकडच्या जातीला 2015 साली ‘टायलोटोट्रायटन हिमालयानस’ असे स्वतंत्र नाव मिळाले.

“तुमीच सांगा भाऊ, त्या पाण्यातल्या पालीपायी पोरगी इतक्या दूर जाईन?” आजींनी मलाच पंच नेमले.

मुलीने आपली वही पुढे केली. वरवर पाहता त्यात अवघड ते काय? काचेची पेटी, पाणी आणि न्यूट! पण वही निराळेच सांगत होती. हा प्राणी हिवाळ्यात दगडालाकडाखाली दडून राहतो आणि पावसाच्या सुमारास तळ्यात उतरून पाणवनस्पतींवर अंडी घालतो. बंदिवासात हे सारे ऋतू माणसाने पुरवायचे. पाणी थंड हवे, नळाच्या पाण्यातले क्लोरिन आधी काढायला हवे. अंडी वेगळी ठेवली नाहीत तर मोठे न्यूट ती खाऊन टाकतात. पिल्लांचे कल्ले बाहेर पिसांसारखे; त्यांना बारीक जिवंत खाद्यच लागते. पुढे कल्ले गळाले, की चढून बसायला कोरडी जागा नसेल तर हा पाण्यातला जीव पाण्यातच बुडून मरतो!

आणि आपला वऱ्हाडचा वैशाख? पारा 44-45 अंशांवर गेला म्हणजे आपणच कूलरपुढून हलत नाही. शिवाय हा प्राणी कायद्याने संरक्षित. तेव्हा घरी हौसेने पाळण्याची गोष्टच नको.

“मग हा खटाटोप कशासाठी?” मी विचारले.

डोंगरातली तळी बुजत चालली, म्हणून. जोरपोखरीची तळी 1985 साली या प्राण्यासाठीच अभयारण्य झाली. दार्जिलिंगचे पद्मजा नायडू प्राणिसंग्रहालयही त्याची जोपासना करते.

आजी थोडा वेळ गप्प होत्या. मग त्यांनी चक्रधरस्वामींची लीळा सांगितली. पारध्यांच्या भयाने पळत आलेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरला. शरण आलेल्याला स्वामींनी दिले नाही. पारधी निवळले, तेव्हा स्वामींनी गुडघा उचलला आणि ससा रानात गेला.

“तुहा न्यूटही मंग असाच सोडतेत काय?”

“सोडायचाच असतो, आजी. पण सोडायला तळं उरलं पाहिजे.”

मी म्हणतो, प्राणी सांभाळण्याचे सगळे शास्त्र त्या एका गुडघ्यात आहे. आसरा द्यावा, आणि वेळ आली की उचलावा. उचलताच आला नाही, तर आसऱ्याची कोठडी व्हायला कितीसा वेळ?

“मंग जाय माय,” आजी म्हणाल्या. “पण त्या तळ्याचं बी पाह्यजो.”

वडिलांनी पेन्सिल काढली आणि वहीच्याच मागल्या पानावर लिहू लागले : बडनेरा, हावडा, न्यू जलपायगुडी. त्याखाली आजींच्या सांगण्यावरून त्यांनी आणखी एक शब्द लिहिला : गोधडी.