ओळंबा, बादली आणि समुद्र

फोटोतली आडवी रेघ सरळ करायची की तिरपी ठेवायची, हा काय चळवळीचा विषय झाला का? असं आमच्यातलाच एक पोरगा शिबिरात म्हणाला. मी म्हटलं, झाला बाबा. तू पोस्टरवर चिकटवतोस तो फोटो कुणीतरी कुठंतरी उभं राहून काढलाय. त्यानं कॅमेरा कसा धरला त्यावरून तुझी वस्ती उभी दिसणार का पडायला आलेली, ते ठरतं. मग विषय कसा नाही?

आधी त्या रेघेचं बघू. क्षितिज हा आपल्याकडच्या कवींचा लई लाडका शब्द. क्षितिजापल्याड काय न् क्षितिजाच्या कुशीत काय. आमच्या गल्लीतनं क्षितिज दिसतच नव्हतं. समोरच्याचा पत्रा दिसायचा, आणि वाऱ्यानं उडू नये म्हणून पत्र्यावर ठेवलेला धोंडा दिसायचा. खरं क्षितिज बघायचं तर समुद्रावर जावं लागतं, नाहीतर उघड्या माळावर. पाण्याच्या कडेला उभ्या राहिलेल्या माणसापासून ते पाचेक किलोमीटरवर असतं. बस्स. एका दमात चालून होईल इतकंच. आणि फोटोत ते कायम कॅमेऱ्याच्या उंचीवर येतं. तुम्ही सपाट जागेवर माणसाच्या बरोबरीनं उभं राहून, डोळ्याला कॅमेरा लावून त्याचा फोटो काढला, तर ती रेघ त्याच्या डोळ्यांजवळून जाते. माडीवरनं काढला तर रेघ त्याच्या डोक्यावरून जाते, माणूस तिच्याखाली दबतो. म्हणजे फोटो काढणारा कुठं उभा होता याची साक्ष फोटोतच असते. त्याला ती लपवता येत नाही.

आता तिरपेपणाचं. तुम्ही मान वाकडी करून बघा. भिंत वाकडी दिसते? नाही दिसत. आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा आहे, ती मेंदूला सांगते की मान कललीय, भिंत नव्हे. कॅमेऱ्याला कान नाही. तो जसा धरला तसं जग कलतं करून देतो.

माझा बा गवंडी होता. आधी बिगारी, मग हातात थापी आली. त्याच्या पिशवीत थापी, रंधा, गुण्या, ओळंबा आणि एक लाकडी पाणसळ. लांबचं लेव्हल काढायचं असलं की पारदर्शक नळीत पाणी भरायचा. नळीचं एक टोक माझ्या हातात, दुसरं त्याच्या. "हालू नको रं, पानी बसू दे." पाणी बसलं की दोन्ही भिंतींवर खूण करायची. शाळेत मला भूमिती नंतर शिकवली, बानं आधी शिकवली. गावातले दोन-तीन वाडे त्यानं उभे केले. एकदा बांधून झाल्यावर आत जायची सोय नव्हती, ते सोडा. स्वतःचं घर त्यानं सुट्टीच्या दिवसांत बांधलं, उरलेल्या विटा आणि चिखलाचं. पण ओळंब्यात. कोपरा न् कोपरा गुण्यात.

१९८३ च्या पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरलं. एका दैनिकाचा फोटोग्राफर आला. नाव घेत नाही, त्याची गरज नाही. त्यानं आम्हाला घरापुढं उभं केलं, बाला म्हणाला जरा वाकून उभे राहा. बा काही वाकला नाही. तिसऱ्या दिवशी फोटो छापून आला. आमचं घर दारूड्यासारखं एका अंगावर कललेलं. खाली मजकूर होता, कोसळायला आलेल्या झोपड्या म्हणून. बानं पेपर लांब धरला, जवळ धरला.

"सुक्काळीच्यानं भित पाडली की रं माजी. पावसानं नाय पडली ती ह्यानं पाडली."

मी तेव्हा कॉलेजात होतो आणि ॲग्फाच्या क्लिक थ्रीवर फोटो काढायला शिकत होतो. मी पेपर हातात घेतला. फोटोत दाराजवळ दोरीला बादली टांगलेली होती. टांगलेली बादली म्हणजे ओळंबाच की. ती दोरीपण तिरपी आली होती, भिंतीइतकीच. मी पेपर हळूहळू फिरवला, दोरी उभी होईपर्यंत. दोरी उभी झाली तशी भिंत उभी झाली, बा उभा झाला, मागचा विजेचा खांब उभा झाला. पेपरातलं नाव तेवढं वाकडं झालं. बा म्हणाला, "हां. आता बग." आणि आंघोळीला गेला.

त्या फोटोग्राफरचा हेतू वाईट नसणार. त्याला शहरातल्या वाचकाच्या मनात कणव आणायची होती. आमची दैना होतीच, गुडघाभर पाण्यात चूल बुडाली होती. चुलीचा फोटो काढायचा होता ना मग. पण चूल बघायला आत यावं लागतं. कॅमेरा कलवायला आत यावं लागत नाही.

हे सांगितलं की आपली कलावंत पोरं चिडतात. म्हणतात, दादा, सरळ रेघ म्हणजे प्रस्थापितांची रेघ. तिरपं तेच बंडखोर. इतकं सोपं असतं तर काय पाहिजे होतं! कॅमेरा कलवून धरला की झाली क्रांती. रशियात रॉडचेन्कोनं १९२० नंतरच्या वर्षांत तिरपे फोटो काढले, वरून खाली, खालून वर. त्याचं म्हणणं होतं की पोटाशी कॅमेरा धरून काढलेल्या त्याच त्या दृश्यांनी माणसाचा डोळा आळशी झालाय, त्याला जागा करायचा. म्हणणं बरोबर होतं. पुढं त्याच्यावरच शिक्का बसला की हा नुसता आकारांचा खेळ करतो. उलट 'द थर्ड मॅन' हा १९४९ चा सिनेमा बघा. युद्धानंतरचं व्हिएन्ना, शॉटमागून शॉट कललेला, कारण तिथं कुणाचाच कुणावर भरवसा नाही. तिथं तिरपेपण गोष्टीतनं आलंय. आणि अमेरिकेतल्या गॅरी विनोग्रँडचे रस्त्यावरचे फोटो नीट बघितलेत तर पुष्कळदा सापडतं की चौकटीतली एखादी उभी कड, खांब, भिंत, त्यानं चौकटीला धरून ठेवलीय, आणि बाकी रस्ता कललाय. म्हणजे त्यालाही ओळंबा होता, फक्त भलत्या ठिकाणी लावलेला. या तिघांची कारणं तीन. आमच्या घराच्या फोटोला कारण काय होतं?

पण मग सगळे फोटो पाणसळ लावून सरळच करायचे का? नाही. तेही सांगतो.

१९८७ चा ६ डिसेंबर. दादर चौपाटी. माझ्याकडे मागून आणलेला पस्तीस एमएमचा कॅमेरा. चैत्यभूमीची रांग, मागं समुद्र. रेटारेटीत एका पायावर उभा होतो, बटण दाबलं तेव्हा कुणाचा तरी कोपर बरगडीत. फोटो पाच अंश तिरपा. समुद्र उजवीकडं सांडतोय. डार्करूममध्ये एनलार्जरखाली ईझल फिरवला, क्षितिज सरळ केलं. करता येतं, अवघड नाही. पण फोटो सरळ केला की चारी कोपरे उघडे पडतात, मग मोठा करून कडा कापाव्या लागतात. तीनास दोन मापाच्या फोटोत पाच अंश फिरवून माप तेच ठेवायचं तर पाचवा हिस्सा जातो. माझ्या फोटोत त्या पाचव्या हिश्शात डाव्या कोपऱ्यात एक म्हातारी होती. अनवाणी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं, रांगेत सगळ्यात मागं. सरळ समुद्र पाहिजे असेल तर म्हातारी बाहेर.

मी लाल दिव्यात बराच वेळ उभा राहिलो. अडीच हजार वर्षं आपण कोपऱ्यातनं कापलेच गेलोय, आता समुद्राच्या सोयीसाठी आपणच आपलं माणूस कापायचं? ईझल परत होता तसा केला. तो फोटो आजही तिरपाच आहे. एका प्रदर्शनात एक गृहस्थ म्हणाले, क्षितिज जरा सुधारून घ्यायला हवं होतं. मी म्हटलं, ती म्हातारी बघितली का? त्यांनी नव्हती बघितली.

आता मोबाईलमध्ये जाळीच्या रेघा येतात, बोट लावलं की फोटो आपोआप सरळ होतो. फोटोशॉपसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तर उघडे पडलेले कोपरे भरूनही मिळतात. म्हणजे म्हातारीही राहील, समुद्रही सरळ, आणि तिच्या शेजारी कधीच नसलेली वाळू यंत्र घडवून देईल. लग्नाच्या फोटोत करा खुशाल. पण अत्याचाराची तक्रार आहे, १९८९ च्या कायद्याखाली गुन्हा नोंदवायचाय, तिथं असला भरलेला कोपरा घेऊन गेलात तर समोरचा वकील तेवढंच बोट धरेल. मूळ फोटो जसा निघाला तसा, तिरपा तर तिरपा, वेगळा जपून ठेवा. फिरवाफिरवी करायची ती नकलेवर.

आणि सरळ करताना कशाला धरून सरळ करताय तेही बघा. तळ्याचा काठ आपल्यापासून दूर पळत असला की फोटोत तो चढता-उतरता दिसतो, पाणी सपाट असलं तरी. त्या काठाला धरून फोटो सरळ केला तर काठावरची माणसं आडवी होतात. डोंगराच्या रेघेला तर कधीच धरू नका. पाण्यात पडलेलं प्रतिबिंब बघा: खांब्याचं टोक आणि पाण्यातलं त्याचं टोक एकाखाली एक आलं पाहिजे. ते नसेल तर टांगलेली बादली, वाळत घातलेल्या लुगड्याचा सुटा पदर, वारा नसेल तर.

२०१९ साली आमच्या तालुक्यातल्या एका गावात हे कामाला आलं. वरच्या आळीची नाली वस्तीत सोडलेली. तक्रार केली तर पंचायतीचं म्हणणं, उतार उलटा आहे, पाणी तिकडं जातच नाही, फोटो मुद्दाम कलवून काढलाय. पोरं पेटली. मी म्हटलं, भांडू नका, बाटली आणा. पारदर्शक बाटली, अर्धी पाणी भरून, नालीच्या कठड्यावर ठेवली. शेजारी काठीला दोरा बांधून दगड टांगला. डोळा बाटलीच्या उंचीला आणून फोटो काढला. पाय चिखलात, फोटो परत तिरपाच आला, येऊ दे. बाटलीतल्या पाण्याची रेघ एका बाजूला आणि कठड्याची रेघ दुसऱ्या बाजूला, दोघींमधला फरक कागद कसाही फिरवला तरी जात नाही.

तालुक्याच्या साहेबानं कागद फिरवून बघितला. एकदा उलटासुद्धा केला. मग मोजणीची तारीख दिली. नालीचं काम पुढच्या उन्हाळ्यात झालं, तेही अर्धंच, मारुतीच्या पारापर्यंत. उरलेल्या अर्ध्याचे फोटो काढायला या रविवारी तिघंजण चाललेत. बाटली घ्यायला सांगितलीय. दोरा बाच्या ओळंब्याचाच देतोय.