पिल्लाच्या खाद्यात तेल: कोणतं आणि कधी

दिंडोरीत थंडी पडली की द्राक्षवाले भुरीच्या मागे आणि आपण ब्रूडरच्या मागे. स्वतःचं खाद्य मिसळणाऱ्या दोघांनी या आठवड्यात एकच प्रश्न विचारला, "भाऊ, कोंबडी सोलली की पोटात चरबीचा गोळा निघतो, गिऱ्हाईक कुरकुर करतं. खाद्यातलं तेल बंद करू का?"

नुसतं तेल बंद केल्याने तो गोळा जाईलच असं नाही. गाय-शेळीत नवी चरबी मुख्यतः चरबीच्या थरातच तयार होते, कोंबडीत मात्र ती कलेजीत तयार होते, आणि तिचा कच्चा माल म्हणजे आपला मका! अंड्यात असताना पिल्लू बलकातल्या चरबीवरच जगतं, म्हणून एक दिवसाच्या पिल्लाची कलेजी पिवळट दिसते. तो आजार नाही, घाबरू नका. उरलेला बलक चार-पाच दिवसांत संपतो. तोवर पिल्लू मका खायला लागलेलं असतं आणि कलेजी पिठापासून चरबी बनवू लागते. खाद्यात तेल असलं की कलेजीचं हे काम उलट मंदावतं. सोयाबीन, सूर्यफुलासारख्या पातळ तेलावर वाढवलेल्या पक्ष्यात पोटातली चरबीही पाम किंवा जनावराच्या चरबीपेक्षा कमी निघते.

मग गोळा येतो कुठून? बऱ्याचदा सोयापेंड कमी पडल्यामुळे. पेंड महागली की लोक ती कमी करतात आणि ऊर्जा भरायला तेल वाढवतात. तेलात मक्याच्या अडीच पटीहून जास्त ऊर्जा. पक्ष्याची ऊर्जेची गरज लवकर भागते, तो खाणं कमी करतो, प्रथिनं आणखी कमी जातात, आणि उरलेली ऊर्जा पोटात साठते. भारतीय मानक आयएस १३७४ (२००७) प्री-स्टार्टरला ३००० किलोकॅलरी आणि २३ टक्के प्रथिनं सांगतं, फिनिशरला ३२०० आणि २० टक्के. म्हणजे तेल वाढवायचं तर पेंडीचा हिशोब त्याच कागदावर करायचा. माझ्या मते निम्म्या तक्रारी इथेच मिटतील.

आता पिल्लाचं. पहिल्या दोन आठवड्यांत त्याच्याकडे पित्त आणि तेल पचवणारं लायपेज दोन्ही कमी असतं. पातळ तेल तरी बऱ्यापैकी पचतं, घट्ट चरबी पचत नाही. सकाळी शेडमध्ये पामतेलाचा डबा बघा, आपल्याकडच्या थंडीत थिजलेला असतो. त्यातली घट्ट आम्लं पिल्लाच्या आतड्यात कॅल्शियमला धरून चक्क साबण बनवतात आणि विष्ठेतून निघून जातात. तेलाचे पैसे गेले, वर पायांना लागणारं कॅल्शियमही गेलं. तिसऱ्या आठवड्यापासून पक्षी हे बरंच चांगलं पचवतो. म्हणून माझ्याकडे पिल्लांना फक्त सोयाबीन तेल, तेही थोडंच. पाम स्वस्त मिळालंच तर ते मोठ्या पक्ष्यांना, सोयाबीन तेलात मिसळून. पातळ तेलाच्या सोबतीने घट्ट तेलही जास्त पचतं.

खवट तेलाचं मात्र वय बघायचं नाही, कुठल्याच पक्ष्याला नको. ते खाद्यातलं ई जीवनसत्त्व खातं, आणि दोन ते चार आठवड्यांची पिल्लं मान वाकडी करून, तोल जाऊन पडायला लागतात. मेंदूवर परिणाम झालेला असतो. मरतूक बघून आधी मानमोडीची शंका येते, तेलाचा डबा कुणी हुंगत नाही. डॉक्टरांना दाखवताना खाद्याचा नमुनाही सोबत न्या.

करारावर शेड असेल तर तेल निवडणं आपल्या हातात नाही. पण बॅग उघडली की मूठभर खाद्य नाकाशी धरा. वास खवट आला तर फोटो आणि बॅच नंबर सुपरवायझरला पाठवा आणि ती बॅग पिल्लांपुढे टाकू नका.